जायचा रस्ता, यायचा रस्ता

(दृश्य: सदाशिव पेठ, जुन्या वाड्याचा पहिला मजला. टेबलावर तीन राउटर, दोन्ही टोकांना दोन लॅपटॉप.)

पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नेटवर्क केबलच्या आठ तारा याच क्रमाने चिमटीत धरायच्या, टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरमध्ये सरकवायची आणि क्रिंपरने कट्टकन दाबायचं. एक तार जरा मागे राहिली की केबल वाया. इथे शिकणाऱ्या मुलीच्या दोन गेल्या आहेत, ही तिसरी.

बार्शीहून आलेली ही मुलगी तीन आठवड्यांपासून इथे नेटवर्किंग शिकते आहे. आज तिला एकच गोष्ट साधायची आहे. या लॅपटॉपवरून हाक मारायची, ती तीन राउटर, म्हणजे नेटवर्कं जोडणारी यंत्रं, ओलांडून पलीकडच्या लॅपटॉपपर्यंत जायला हवी आणि तिकडून ओ यायला हवी. या हाकेला पिंग म्हणतात, आणि ती माहितीच्या छोट्या पुडक्यातून, म्हणजे पॅकेटमधून, जाते.

केबल लागली, दिवे लुकलुकले. तिने पिंग दिला. रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे वाट पाहूनही ओ आली नाही. चारही वेळा तेच.

सर खुर्ची ओढून शेजारी बसतात. "अगं, पॅकेट पोचलंय पलीकडे. तू जायचा रस्ता सांगितलास, यायचा सांगितलाच नाहीस."

रूटिंग, म्हणजे पॅकेटचे रस्ते ठरवणं, शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडखळतो, आणि खरं शिक्षण इथूनच सुरू होतं असं मला वाटतं. गेलो त्याच वाटेने परत येऊ, हे आपण गृहीत धरतो. लक्ष्मी रस्त्याने दुचाकीवर आलेला माणूस मात्र ते गृहीत धरत नाही, कारण तो रस्ता एकेरी आहे. राउटरच्या लेखी जाणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेलं प्रत्येक पॅकेट त्याला नवखं असतं. तो पत्ता वाचतो, आपला रूटिंग टेबल, म्हणजे रस्त्यांचा तक्ता, बघतो, पुढच्या शेजाऱ्याच्या हाती पॅकेट देतो आणि मोकळा होतो. मुक्कामापर्यंतचा रस्ता तो पॅकेटला सांगत नाही. फक्त पुढचा चौक सांगतो.

(दृश्य: टपालाचं पाकीट. पत्त्याखाली ४११०३०.)

एवढ्याशा तक्त्यात अख्ख्या जगाचे पत्ते कसे मावतात? हे पाकीट बघा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागचे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृतचे कवीही होते. दूरच्या टपाल केंद्रातल्या माणसाला सदाशिव पेठ ठाऊक असायची गरज नाही. पहिला ४ पाहून तो पाकीट पश्चिमेच्या गठ्ठ्यात टाकतो. ४११ दिसलं की पुणे. उरलेले तीन आकडे पुण्यात पोचल्यावर कामाला येतात. यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, असाच वाचतात. पुढचा भाग नेटवर्कचा, मागचा त्यातल्या यंत्राचा. तक्त्यातल्या दोन नोंदी जुळल्या, तर जी जास्त आकड्यांपर्यंत जुळते ती खरी धरायची.

हा नियम लहान दिसतो, पण २४ फेब्रुवारी २००८ला त्याची ताकद साऱ्या जगाने पाहिली. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी आदेश निघाला होता. तिथल्या दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांतल्या एका अधिक नेमक्या तुकड्याचा रस्ता आपल्याकडे वळवला. ती नोंद देशातच राहायला हवी होती, पण बाहेर निसटली. अधिक नेमकी म्हणून जगभरच्या राउटरांनी ती उचलली, आणि सुमारे दोन तास कितीतरी देशांत यूट्यूब उघडेना. राउटर शेजाऱ्याच्या शब्दावर चालतात. या शब्दांच्या देवाणघेवाणीचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली नियमावली, बीजीपी, १९८९चा आहे, आणि त्यात शेजारी खरं बोलतोय की नाही हे तपासायची सोय मुळात नव्हती.

संस्थेच्या आतल्या नेटवर्कात राउटर एकमेकांना जोडण्यांची माहिती देतात, नकाशा जुळवतात आणि सर्वांत स्वस्त वाट काढतात. त्यामागचं गणित डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीस मिनिटांत सोडवलं होतं.

(दृश्य: अलका टॉकीज चौक, संध्याकाळ.)

रस्ता सापडला तरी गर्दी राहतेच. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक अशा चार रस्त्यांनी मिरवणुका निघतात आणि या चौकात एकत्र येतात. चारांपैकी एखादा रस्ता उद्या दुप्पट रुंद केला, तरी गणपती लवकर पोचणार नाहीत. वेग हा चौकच ठरवतो.

ऑक्टोबर १९८६मध्ये इंटरनेटची अशीच कोंडी झाली. कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, म्हणजे आपल्या दोन बसथांब्यांइतकं. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. रांगेत जागा नसली की राउटर पॅकेट टाकून देतो. पॅकेट हरवलं म्हणून पाठवणारा तेच पुन्हा पाठवायचा, आणि गर्दी आणखी वाढायची. संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेला उपाय मला आजही सुंदर वाटतो. त्यांनी शिस्त पाठवणाऱ्याला लावली. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच मिळेल तसं वाढवायचं, आणि पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजून हात आखडता घ्यायचा. प्रत्येक यंत्राने आपापल्या जागी एवढं पाळलं आणि कोंडी सुटली.

तरी क्रम लावावा लागतोच. मिरवणुकीत मानाचे पाच गणपती आधी निघतात. रुग्णवाहिका आली, तर ढोल-ताशा थांबतो आणि गर्दी दुभंगते. राउटरही रांगा वेगळ्या करू शकतो. फोनवरच्या आवाजाचं पॅकेट छोटं असतं, पण अर्धा सेकंद उशिरा आलं तर कुचकामी. फाइलचं पॅकेट थांबलं तर बिघडत नाही. अशा प्राधान्याने रस्ता रुंद होत नाही. कोणाला थांबवायचं, एवढंच ठरतं. म्हणून हे काम करणाऱ्याला तारांइतकंच माणसांचं कामही समजावं लागतं.

(दृश्य: पुन्हा तोच वाडा. बाहेर अंधार.)

तिने मधल्या आणि शेवटच्या राउटरवर परतीची एकेक ओळ लिहिली आहे. पहिल्या प्रयत्नात एक आकडा चुकला होता. दोन राउटर पॅकेट एकमेकांकडे ढकलत बसले. ते कायमचं फिरत राहिलं नाही, कारण प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. दर राउटरला तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट संपतं.

तिने आकडा सुधारला आणि पुन्हा पिंग दिला.

या वेळी ओ आली. ओळीच्या शेवटी टीटीएल ६१.

"निघताना किती होता?" सर विचारतात.

"चौसष्ट, सर." ती टेबलावरच्या राउटरांवरून बोट फिरवते. एक, दोन, तीन.