१२ सेकंदांचा फरक

नमस्कार मंडळी. एका पाच मिनिटांच्या व्हिडिओपासून सुरुवात करतो. शाळेतल्या मुलांसाठी चंद्रग्रहणावरचा व्हिडिओ आम्ही ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता. सेकंदाला २४ याप्रमाणे ७,२०० फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवायची चित्रं. रात्री रेंडर लावायचं, म्हणजे ही चित्रं संगणकाकडून तयार करून घ्यायची, मग फ्रेम जोडून, आवाज चढवून एमपी४ ही व्हिडिओ फाईल काढायची, हे काम पहिल्यांदाच एआय एजंटवर, म्हणजे लिहून दिलेल्या सूचना वाचून स्वतः कमांड चालवणाऱ्या एआयवर, सोपवलं होतं. सकाळी त्याचा निरोप तयार होता: काम पूर्ण, एकही एरर नाही. खरंच नव्हता. पण व्हिडिओ लावला आणि आवाज मागे पडायला लागला. सावली चंद्रावरून पूर्ण सरकली तरी निवेदिका ती नुकती लागल्याचं सांगत होती. शेवटी चित्र संपलं आणि आवाज आणखी १२ सेकंद चालूच.

कारण साधं होतं. एफएफएमपेग या फ्रेम जोडून व्हिडिओ करणाऱ्या प्रोग्रॅमला नुसत्या फ्रेम दिल्या आणि वेग सांगितला नाही, तर तो सेकंदाला २५ धरतो. ७,२०० भागिले २५ म्हणजे २८८ सेकंद. व्हिडिओ हवा होता ३०० चा. ही गोष्ट एफएफएमपेगच्या दस्तऐवजात लिहिलेली आहे. एजंटला दिलेल्या आमच्या सूचनांच्या टिपणात मात्र नव्हती, कारण जोडणी करणारा मुलगा दर वेळी स्वतः व्हिडिओ बघायचा आणि ओठ जुळले नाहीत की वेग बदलायचा. ते त्याच्या हाताला माहीत होतं. आम्ही ते कधी लिहून काढलं नाही.

मला आज हेच कळकळीने सांगायचंय. आपण टिपणात कमांड लिहितो. ती चालल्यावर काम नीट झालं हे कशावरून ओळखायचं, ते लिहीत नाही. आजवर चाललं, कारण पडद्यासमोर माणूस बसलेला असायचा.

चुका दोन जातीच्या असतात, बोलक्या आणि मुक्या. समजा चित्राची रुंदी १९१९ पिक्सेल आली. नेहमीच्या एच२६४ या पद्धतीच्या व्हिडिओला सम आकडा लागतो, त्यामुळे एफएफएमपेग तिथेच थांबतो आणि रुंदीला दोनने भाग जात नाही असं स्पष्ट सांगतो. एजंट ते वाचतो, रुंदी १९२० करतो, पुढे जातो. अशा चुकीसाठी पानभर लिहायची गरज नाही. सगळी शाई मुक्या चुकांवर खर्च करा.

ब्लेंडरचंच बघा. पडदा न उघडता रेंडर करताना तो कमांडमधले पर्याय डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने पाळतो. पहिल्या १० फ्रेमची चाचणी हवी असेल तर सुरुवात आणि शेवट आधी सांगायचे आणि ‘डॅश ए’, म्हणजे सगळं रेंडर कर, हे शेवटी. ‘डॅश ए’ आधी आला की फाईलमध्ये साठवलेली अख्खी लांबी रेंडर व्हायला लागते. तक्रार कुठेच नाही. आणखी एक: ब्लेंडरला दिलेली पायथन भाषेतली स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी तो बाहेर पडताना शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, असंच सांगतो. पायथन-एक्झिट-कोड हा पर्याय स्क्रिप्टच्या आधी दिला तरच अपयश बाहेर कळतं. एजंट त्या शून्यावर विश्वास ठेवतो. त्याने दुसरं काय करावं?

आता आपल्या घरचं दुखणं. एफएफएमपेग ६.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत ड्रॉटेक्स्टने, म्हणजे चित्रावर अक्षरं लिहिणाऱ्या सोयीने, देवनागरी लिहिली की जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. ६.१ पासून ड्रॉटेक्स्टला हार्फबझ या अक्षरं नीट जुळवणाऱ्या प्रोग्रॅमची जोड मिळाली आणि अक्षरं जुळू लागली. पण कितीतरी सर्व्हरवर अजून जुनी आवृत्ती असते. तिथे कमांड बिनतक्रार चालते आणि मुलांसमोर मोडकी मराठी जाते. म्हणून आमच्या टिपणात आता एक सूचना आहे: आधी ‘क्षितिज’ हा एकच शब्द चित्रावर लिही, ती एक फ्रेम पीएनजी चित्र म्हणून काढ, आणि सोबत ठेवलेल्या बरोबर नमुन्याशी ताडून बघ. ‘क्षितिज’ यासाठी की त्यात जोडाक्षर आहे आणि पहिली वेलांटी दोनदा येते. जुळलं नाही तर थांब, आम्हाला विचार. हे ‘थांब, विचार’ लिहायला विसरू नका. ते नसलं की एजंट आपल्या मनाने वाट काढतो, आणि ती नेहमी आपल्याला हवी तीच असते असं नाही.

प्रत्येक कमांडखाली आम्ही आता पडताळणी लिहितो. फ्रेमच्या पीएनजी किती मोजून भरल्या पाहिजेत, एफएफप्रोब या व्हिडिओची माहिती सांगणाऱ्या प्रोग्रॅमने लांबी किती सेकंद दाखवली पाहिजे, रंगाचा प्रकार वाययूव्ही४२०पी आहे ना, कारण हा प्रकार न सांगता पीएनजीवरून केलेला व्हिडिओ अनेक प्लेअरमध्ये उघडतच नाही.

टिपण कुठल्या भाषेत, असं मला विचारतात. कमांड जशीच्या तशी ठेवा, पण कारणं मराठीत लिहा. एजंट मराठी वाचतात, आणि आपल्यातले जे लोक इंग्रजीमुळे गप्प बसायचे तेही लिहू लागतात. आमच्या निवेदिकेने कधी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडलेलं नाही. त्या व्हिडिओनंतर तिने टिपणात स्वतःहून एक ओळ घातली: “‘आता सावली लागली’ हे शब्द येतात त्या क्षणाची फ्रेम काढून बघ, चंद्राची कड काळी झालेली दिसली पाहिजे.” पुढच्या खेपेला एजंटने आधी तीच फ्रेम काढली.