अर्धी पाडलेली इमारत

मित्रहो, इमारत पाडायची म्हटलं की डोळ्यांसमोर स्फोट येतो. 28 ऑगस्ट 2022 रोजी नोएडातले जोडमनोरे सुमारे 3,700 किलो स्फोटकांनी काही सेकंदांत जमीनदोस्त झाले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण दाट वस्तीत स्फोट हा अपवादच असतो. 1997 साली कॅनबेरात एका जुन्या रुग्णालयाची इमारत उडवताना एक तुकडा 400 मीटरच्याही पलीकडे गेला आणि बघायला आलेली 12 वर्षांची मुलगी त्यात गेली. शेजारची इमारत जेमतेम दहा पावलांवर असते तिथे हा मार्ग क्वचितच परवडतो. तिथे एकेक मजला वरून उतरवत आणावा लागतो. आज मी बोलणार आहे ते या संथ कामाबद्दल.

उभ्या इमारतीचा हिशेब कुणीतरी केलेला असतो. अर्ध्या पाडलेल्या इमारतीचा मूळ नकाशात कुणीच केलेला नसतो. बाहेरच्या भिंतीला धरून ठेवणारा स्लॅब काढला, की ती भिंत एकटी पडते आणि कुठेही कलू शकते. म्हणून पाडकामाला स्वतःचा आराखडा हवा. आज काय काढलं, संध्याकाळी काय उभं राहिलं आणि ते रात्रभर कशाच्या आधारावर राहणार, हे त्यात आधीच लिहिलेलं असायला हवं.

सगळ्यात फसवा असतो तो राडारोडा. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखलेला असतो. फोडलेल्या काँक्रीटचा सैल ढीग घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरतो. म्हणजे वीतभर उंचीचा थरसुद्धा त्या मर्यादेच्या बाहेर जातो, आणि कामावर तर कंबरभर ढीग साचलेले दिसतात. शिवाय त्याच स्लॅबवर ब्रेकर लावलेलं यंत्र फिरत असतं. एक स्लॅब खचला, तर तो ढिगासकट खालच्यावर आदळतो आणि मग मजल्यामागून मजला जातो. यासाठी खालच्या दोन-तीन मजल्यांना टेकू द्यायचे आणि राडारोडा रोजच्या रोज खाली काढायचा. काम कंटाळवाणं आहे, पण जीव वाचतो तो इथेच.

स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतील, तर जास्तच जपायला हवं. त्यांच्यात वर्षानुवर्षं ताण साठलेला असतो. जुने नकाशे न पाहता त्या कापणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण आहे.

क्रम मोडला की काय होतं, ते 9 जून 2021 रोजी दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूमध्ये दिसलं. इमारत पाच मजल्यांचीच होती. तिला लागून मातीचा ढीग रचला होता आणि त्यावर यंत्र चढवून काम चाललं होतं. इमारत रस्त्याच्या बाजूला कोसळली, ती थांब्यावर उभ्या असलेल्या बसवर. नऊ जण गेले. रस्ता चालूच होता, थांबाही जागचा हलवलेला नव्हता. मला हे आजही सहन होत नाही, कारण थांबा हलवायला कुठलंच मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

तंत्रज्ञानाने काय साधतं, हे टोकियोत पाहावं. आकासाकातलं सुमारे 140 मीटर उंचीचं हॉटेल 2012-13 मध्ये पाडलं, तेव्हा वरचं छप्पर झाकणासारखं तसंच ठेवलं आणि जॅकवर तोलून मजल्यामजल्याने खाली घेतलं. फोडाफोडी त्या झाकणाखाली झाली, त्यामुळे धूळ आणि आवाज बराचसा आतच राहिला. खर्च जास्त येतो, हे खरं.

आगीबद्दल थोडं सांगतो. 18 ऑगस्ट 2007 रोजी न्यूयॉर्कमध्ये पाडकाम चालू असलेल्या डॉइश बँकेच्या इमारतीला आग लागली. तळघरात आगीच्या पाण्याची नळवाहिनी तुटलेली होती, त्यामुळे वर पाणीच पोचेना. दोन अग्निशामक जवान दगावले. गॅसकटरच्या ठिणग्या आणि प्लॅस्टिकचे पडदे अशा इमारतीत कायम असतात. म्हणून ही नळवाहिनी आणि एक मोकळा जिना, दोन्ही इमारतीबरोबर मजल्यामजल्यानेच उतरवायचे. काम चालू असलेल्या मजल्याच्या लगेच खालपर्यंत पाणी आहे ना, हे रोज सकाळी व्हॉल्व्ह उघडून पाहायचं, आणि मगच माणसं वर पाठवायची.