पुढची सुट्टी त्रिनिदादला काढा

नमस्कार मंडळी! समितीने पाचच मिनिटं दिलीत म्हणून सरळ मुद्द्यावर येते. थंडी सुरू झाली की आपल्याकडे "यंदा कुठे" सुरू होतं आणि शेवटी आपण सगळे मेक्सिकोतल्या कॅनकूनच्याच बीचवर एकमेकांना भेटतो. यंदा कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर जा, अगदी मनापासून सांगतेय.

३० मे १८४५ ला फातेल रझाक जहाजातून भारतातले पहिले मजूर तिथे उतरले, उसाच्या मळ्यांत राबायला. आता त्या दिवशी देशभर सुट्टी असते, दिवाळीला असते, ईदलाही असते, आणि कार्निव्हलला तर राजधानी पोर्ट ऑफ स्पेन अख्खी रस्त्यावर. तेलाच्या पिंपांपासून बनवलेलं स्टीलपॅन हे वाद्य तिथलंच. सेंट जेम्सला मोहरमचे ताबूत निघतात, त्याला होसे म्हणतात, आणि त्यात वाजतो तो ताशा! शब्दसुद्धा आपलाच, ऐकून अंगावर काटा आला माझ्या.

खाणं म्हणाल तर सकाळी रस्त्यावर उभं राहून डबल्स खायचे, "बारा" नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, म्हणजे शब्द आपल्या वड्याचाच की, आणि मध्ये छोले. तिखट झेपत नसेल तर "स्लाइट पेपर" सांगायचं. दालपुरी तर बिनगुळाची पुरणपोळीच वाटते. क्रिकेटवाल्यांनी क्वीन्स पार्क ओव्हल चुकवू नका, १९७१ ला वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच, गावसकरची ती पहिलीच टेस्ट.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने आधी ऊस कंपनीच्या जागेत देऊळ बांधलं, ते पाडण्यात आलं, वर त्याला तुरुंगात टाकलं, मग तो म्हणाला समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना, आणि सायकलवरून सामान नेऊन वर्षानुवर्षं एकट्याने समुद्रात भर घालत राहिला. तिथे उभं राहिल्यावर बोलवतच नाही हो.

जवळच कारापिचाइमाला ८५ फुटी मारुती आहे, आणि देऊळ कुणाचं, तर दत्ताचं! तिथे एका आजींनी विचारलं, "व्हॉट यू डूज स्पीक होम?" मी म्हटलं मराठी, तर म्हणाल्या मग मराठीत काहीतरी गा. मी दत्ताची आरती म्हटली. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण शेवटपर्यंत टाळ्यांचा ठेका धरून होत्या.