भांडण कुणाला ऐकू जातं?

(छत्रपती संभाजीनगर इथं लघुपट करणाऱ्या तरुणांपुढं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नवरा-बायकोच्या बिनसलेल्या संसारावर पटकथा लिहायला बसलं की आपण पहिल्यांदा भांडण लिहितो. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, पानंच्या पानं. माझं म्हणणं असं की त्याआधी एकच गोष्ट ठरवा: हे भांडण कुणाला ऐकू जाणार आहे? घर कोणतं घ्यायचं, माइक कुठं ठेवायचा, वाक्य किती लांब लिहायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

सॅम मेंडेसचा २००८ चा ‘रेव्होल्युशनरी रोड’ बघा. रिचर्ड येट्सच्या १९६१ च्या कादंबरीवरचा सिनेमा, काळ १९५५ चा, जागा कनेटिकटमधलं उपनगर. नवरा फ्रँक रोज न्यूयॉर्कच्या ऑफिसात जातो, बायको एप्रिल घरी राहते. दोघांची पहिली ओळख थोडक्यात उरकली आहे. लगेच एप्रिलचं हौशी नाटक पडतं आणि परतताना रस्त्याकडेला गाडी थांबवून दोघं कडाडून भांडतात. तिथं ऐकायला कुणी नाही, म्हणून तो आवाज तसा लागतो. त्यांच्या घरातही ओरडता येतं. भोवती हिरवळ आहे, शेजार लांब आहे.

सिडकोच्या रो-हाउसात हे चालत नाही. दोन घरांमध्ये एक सामाईक भिंत. पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या अलीकडं मोजता येतात. इथलं भांडण दबक्या आवाजात होतं. पोराला दुकानात पिटाळून होतं, टीव्हीचा आवाज वाढवून होतं, पुढच्या खोलीत सासूबाईंना डोळा लागला की होतं. गच्चीवर जावं तर चार घरच्या गच्च्या उघड्या. आपल्या पात्रांना दिवाणखान्यात घसा फोडून भांडायला लावलं की प्रेक्षक पहिल्या मिनिटातच ओळखतो की हे घर खोटं आहे.

मग ते कधी भांडणार? कागदावर चोवीस तासांचे दोन रकाने आखा. नवरा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत असेल तर पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांचे तीन वेगळे तक्ते करा. कंपनीची बस स्टॉपवर कधी येते, पोरांची शाळा कधी सुटते, गॅसवर दूध कधी असतं, सगळं भरा. दोघं जागे आणि एका खोलीत, असा वेळ रातपाळीच्या आठवड्यात फार थोडा उरतो. तुमचे सगळे महत्त्वाचे प्रसंग त्या फटीतच बसले पाहिजेत. बसत नसतील तर पाळी बदला, पण फट रुंद करू नका.

आता अडकण्याची गोष्ट. त्या सिनेमात पॅरिसला निघून जायचा बेत आहे, मग गरोदरपण येतं आणि घरीच केलेल्या गर्भपातात एप्रिलचा मृत्यू होऊन शेवट होतो. १९५५ च्या अमेरिकेत गर्भपात जवळपास सगळीकडं गुन्हा होता, त्यावर ती गाठ बसली आहे. आपल्याकडं कायदा १९७१ चा आहे. त्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखान्यात ती मागितली जाते, हा मात्र वेगळा प्रसंग आहे आणि तो जास्त आपला आहे. म्हणून तिथली गाठ उचलून इथं आणली की ती सैल पडते.

इथली गाठ इथं शोधा. गुंठेवारी घ्या. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे तुकडे पाडून वीस बाय तीसचे प्लॉट बाँडपेपरवर विकले गेले. असं घर नियमित झालेलं नसेल तर बँक कर्ज द्यायला तयार होत नाही आणि चांगला भाव देणारा गिऱ्हाईक मिळत नाही. बाँड नवऱ्याच्या नावावर, त्यात पैसा मात्र तिचे दागिने मोडून घातलेला. तिला पुण्याला नोकरी लागली, तर हे जोडपं घर विकून जाऊ शकत नाही आणि ठेवून दोन ठिकाणचा खर्च भागवू शकत नाही. खलनायक लागत नाही, एक बाँडपेपर पुरतो.

पण त्या बाँडपेपरवरून त्यांना भांडू देऊ नका. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यावरून भांडू द्या.

“पाणी आलतं का?”

“आलतं.”

“मग टाकी?”

“मोटारीचा स्टार्टर पडलता. कुणाला विचारू? पाळीत तुम्ही फोन उचलता का?”

चार ओळी झाल्या. टाकीचं निमित्त आहे, दुखणं शेवटच्या वाक्यात आहे. याच्यापुढं कुणी “आपलं नातं बदललंय” असं म्हणायला लागलं तर ते वाक्य खोडा. आणि एक मोह टाळा. त्या सिनेमात घर विकणाऱ्या बाईंचा मनोरुग्णालयातून आलेला मुलगा जोडप्याला तोंडावर खरं सुनावतो. आपल्याकडं लगेच वेडा, दारुडा किंवा आजोबा खरं बोलायला उभे राहतात. तिथं तो दोनच वेळा घरी येतो. तुमच्याकडं दोनाचे चार झाले की तो पात्र राहत नाही, निवेदक होतो.

कॅमेऱ्याकडं येऊ. खोली दहा बाय बाराची धरा. एपीएस-सी (साधारण २४ मिमी रुंदीच्या) सेन्सरवर ५० मिमी लेन्स लावली तर दहा फुटांवरून साधारण पावणेपाच फूट रुंदी दिसते. दोन माणसं जेमतेम मावतात. २४ मिमी लावली तर जवळपास दहा फूट दिसतात, पण कडेला आणि जवळ आलेला चेहरा ताणला जातो. उपाय असा की रुंद शॉट दाराबाहेरून किंवा खिडकीच्या ग्रिलमधून घ्या, आतले शॉट ३५ आणि ५० वर ठेवा. पलंग भिंतीला लावला की दोन फूट मिळतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. २४ फ्रेमचा हट्टच असेल तर शटरचा कोन १७२.८ अंश, म्हणजे तेच १/५० सेकंद, नाहीतर ट्यूबलाइट पडद्यावर लपलपते.

खरी मारामारी आवाजाशी आहे. दबक्या आवाजाचं भांडण म्हणजे कुजबुज नव्हे. निव्वळ कुजबुजीत गळ्याचा सूर नसतो, नुसती हवा येते, आणि मागाहून आवाज वाढवला की खरखर वर येते. नटांना सांगा, सूर ठेवा, जोर काढा. रेकॉर्डिंगची सरासरी उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान धरा आणि त्याच आवाजाचा दुसरा ट्रॅक १० डेसिबल खाली ठेवा, कारण असा माणूस एका शब्दावर अचानक फुटतो. छोट्या खोलीत शॉटगन माइक, म्हणजे लांब नळीचा माइक, पोकळ वाजतो. स्लॅबवरून परतलेला आवाज त्याच्या नळीच्या फटींतून शिरतो. हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा आखूड माइक, बूमवर (लांब दांडीवर) लावा आणि फ्रेमबाहेरच्या दोन भिंतींवर गोधड्या टांगा. लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) पदराआड लावला तर मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटतात. मण्यांचा सर मागून टेपनं कापडाला धरून ठेवा. काचेच्या बांगड्यांवर उपाय नाही. चारच घाला आणि हात कधी हलतो ते तालमीत ठरवा.

पंखा मात्र डोकेदुखी आहे. चालू ठेवला तर संवाद गेला, बंद ठेवला तर मे महिन्यात संभाजीनगरात पंखा बंद का, असं प्रेक्षक विचारतो. फिरता पंखा फक्त संवाद नसलेल्या शॉटमध्ये दाखवा, संवादाच्या वेळी तो फ्रेमबाहेर आणि बंद, आणि त्याचा आवाज वेगळा मिनिटभर रेकॉर्ड करून नंतर खाली पसरा. प्रत्येक खोलीची शांतताही, सगळी माणसं जागेवर असताना, ६० सेकंद घ्या. एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं दोघांच्या शॉटमध्ये चालतं. जवळच्या शॉटमध्ये दोन वाक्यांत अर्धा सेकंद मोकळा लागतो, नाहीतर संकलनात कात्री चालवायला जागा मिळत नाही.

संकलनात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर थांबा. ‘रेव्होल्युशनरी रोड’मध्ये रात्रीच्या मोठ्या भांडणानंतरची न्याहारी बघा. एप्रिल शांतपणे त्याच्या नव्या कामाबद्दल विचारते, तो खुलून समजावून सांगतो. तिचं ऐकणं पाहून आपल्याला धडकी भरते, त्याला काहीच कळत नाही. असा प्रसंग लिहिलात तर पोहे परतल्याचा, ताटलीवर चमचा लागल्याचा आवाज नीट घ्या. पार्श्वसंगीत टाकू नका, ते प्रेक्षकाच्या आधी घाबरतं.

अशा सकाळच्या प्रसंगाला फ्रिजचा कॉम्प्रेसर हमखास घरघरतो. तो बंद करावाच लागतो, आणि रात्री सामान आवरताना चालू करायचं विसरतं. घर मागून घेतलेलं असतं, दूध-भाजी त्यांची असते. बंद करतानाच गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज उघडल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकणार नाही.