थॉमसचं तोंड का हलत नाही?

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर खेळण्यातलं निळं इंजिन.)

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या भाचीला मी जुना ‘थॉमस’ दाखवला, म्हणजे बोलणाऱ्या रेल्वे इंजिनांची ती मुलांची टीव्ही मालिका. थॉमस तिच्या ओळखीचाच आहे, पण कॉम्प्युटरवर घडवलेला, बोलताना ओठ हलवणारा, भुवया उडवणारा. मी लावला तो १९८४ सालचा. मिनिटभर ती गप्प बसली आणि मग म्हणाली, “मावशी, ह्याचं तोंड का हलत नाही?”

“अगं, ते खरोखरचं मॉडेल आहे, म्हणून,” एवढं सांगून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही माझा पिच्छा सोडेना. जुन्या मालिका आणि त्यांचे कॉम्प्युटरवरचे नवे अवतार यांच्यावर मी कितीतरी वेळा वाद घातलाय. “आमच्या वेळचं ते खरं” असं ठासून म्हटलंय. पण खरं म्हणजे नेमकं काय, हे मला कधी सांगता आलं नव्हतं. म्हणून आज त्या न हलणाऱ्या तोंडापासूनच सुरुवात करूया.

(पडद्यावर: जुन्या थॉमसचा स्थिर चेहरा, डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात.)

ही मालिका ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाली. निर्माती ब्रिट ऑलक्रॉफ्ट, दिग्दर्शक डेव्हिड मिटन. मूळ गोष्टी रेव्हरंड ऑड्री या पाद्र्यांच्या, त्यांचं पहिलं पुस्तक १९४५ चं. पडद्यावर दिसणारी स्टेशनं, बोगदे, डोंगर, सगळं सेटवर मांडलेलं. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. इंजिन दोन हातांत उचलता येईल एवढं. चेहरे साच्यातून काढलेले. हसरा वेगळा, रडवेला वेगळा, घाबरलेला वेगळा. हसणाऱ्या थॉमसला रडवायचं तर कॅमेरा थांबवायचा, एक चेहरा उतरवायचा आणि दुसरा बसवायचा. चित्रण चालू असताना चेहऱ्यावर हलायचे ते फक्त डोळे, तेही रिमोटवर. आणि माणसं? ती जागची हलायचीच नाहीत. रेल्वेचे ते जाडजूड साहेब फलाटावर उभे, ते उभेच.

आता अशा मंडळींकडून गोष्ट वदवून घ्यायची कशी? त्यासाठी निवेदक. पहिल्या दोन पर्वांत इंग्रजीत हा आवाज बीटल्सच्या रिंगो स्टारचा होता. गोष्ट तोच सांगतो, थॉमस तोच, गॉर्डन नावाचं दुसरं इंजिन तोच, रागावणारे साहेबही तोच. “मग थॉमस म्हणाला” असं म्हणून आवाज जरासा बदलतो आणि पुढे जातो. पाच मिनिटांचा भाग, त्यात एक माणूस बोलतोय आणि चेहरे ऐकून घेताहेत.

त्या संध्याकाळी मी खोलीत डोकावले. भाची जमिनीवर पालथी पडून हेच इंजिन (उचलून दाखवते) चटईच्या काठावरून ढकलत होती. गाल जमिनीला टेकलेला, डोळा चाकांच्या उंचीला. दोन इंजिनांचं भांडण चाललं होतं, दोघांचे आवाज तीच काढत होती, मध्येच “आणि मग ह्याला खूप राग आला” असं निवेदनही करत होती. इंजिनाच्या चेहऱ्यावर मात्र तेच कारखान्यातून आलेलं हसू. तरी तिला तो राग दिसत होता.

मला तिथेच उत्तर मिळालं. ती जुनी मालिका म्हणजे मुलाच्या खेळाचंच चित्रण होतं. कॅमेरा तिथेच खाली, चाकांच्या उंचीला. चेहरे तसेच थिजलेले आणि सगळ्यांच्या वतीने बोलणारा एकच आवाज. टीव्ही बंद झाला की मुलाला तोच खेळ जसाच्या तसा पुढे नेता येत होता, कारण टीव्हीवरच्या थॉमसला जे जमत नव्हतं ते खेळण्यालाही जमत नव्हतं. राहिलेलं मुलानं भरायचं.

पुढे काय झालं ते पाहा. २००८ च्या पर्वात मॉडेलं तीच राहिली, पण चेहरे कॉम्प्युटरवर काढून त्यांवर बसवले. पुढच्याच वर्षी पूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेला एक मोठा विशेष भाग आला आणि २०१० पासून अख्खी मालिका कॅनडातल्या नायट्रोजन स्टुडिओजमध्ये कॉम्प्युटरवर व्हायला लागली. साहेब फलाटावर चालू लागले, आणि ते पाहून मला मनापासून बरं वाटलं. इतकी वर्षं बिचारे एका पायावरून दुसऱ्या पायावरही रेलले नव्हते! पण तोंडं हलायला लागल्यावर त्यांना आवाज देणारे वेगवेगळे नट लागले. प्रत्येकाचा स्वतंत्र आवाज आल्यावर निवेदकाचं काम आकसलं. इंजिनं एकमेकांशी थेट बोलायला लागली. मग गोष्ट सांगितली जाण्याऐवजी घडताना दाखवावी लागते, संवाद वाढतात, शांतता कमी होते. नव्याबद्दल तक्रार करताना आपण रंगांना आणि चकचकीतपणाला नावं ठेवतो. मला वाटतं, खरी उलथापालथ इथे झाली. चित्राचं तंत्र बदललं आणि त्याच्यामागोमाग गोष्ट सांगण्याची रीतच बदलून गेली.

(खुर्ची पुढे ओढते.)

आता कॉम्प्युटरला सरसकट दोष देणाऱ्यांसाठी एक उदाहरण, आणि हे माझं फार लाडकं आहे. ‘थंडरबर्ड्स’. अचाट यानांतून लोकांना वाचवायला धावणाऱ्या पथकाची ब्रिटिश मालिका. १९६५, निर्माते गेरी अँडरसन, ३२ भाग, सगळं काम दोऱ्यांवरच्या बाहुल्यांचं. या बाहुल्यांची डोकी शरीराच्या मानानं मोठी का दिसतात, ठाऊक आहे? डोक्यात एक सोलेनॉइड असायचा, म्हणजे वीज मिळाली की खेचलं जाणारं विद्युतचुंबक. आधी ध्वनिमुद्रित केलेले संवाद वाजवायचे, त्यांच्या विद्युतसंकेतावर तो सोलेनॉइड चालायचा आणि बाहुलीचा ओठ शब्दाबरोबर हलायचा. ते यंत्र मावण्यासाठी डोकं मोठं. पुढे १९६७ च्या, अँडरसनच्याच ‘कॅप्टन स्कार्लेट’ मालिकेमध्ये हीच यंत्रणा छातीत हलवली आणि बाहुल्या माणसासारख्या प्रमाणबद्ध झाल्या. दिसायला त्या सरस आहेत, हे उघड आहे. तरी माझा जीव त्या मोठ्या डोक्यांवरच आहे.

दोऱ्यांवरच्या बाहुलीला चालता येत नाही, ती तरंगल्यासारखी दिसते. त्यावर अँडरसनच्या मंडळींनी काय शोधून काढलं? चालायलाच लावायचं नाही! वैमानिक भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि भिंतच गर्रकन फिरते. दुसरा उताणा होऊन घसरगुंडीवरून थेट यानात. पाहणाऱ्या पोराला वाटायचं, काय थाट आहे! मुळात ती पायांची अडचण होती.

आणि वजन. त्या यानांना जे वजन आहे ना, त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. वस्तू उंचावरून पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे खऱ्याच्या एक पंचविसांश आकाराचं मॉडेल पाचपट लवकर खाली आपटतं आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं, हे खेळणं आहे. उपाय काय? सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेमनं चित्रण करायचं आणि २४ च्या वेगानं दाखवायचं. पाचपट संथ. मग तेच मॉडेल टनावारी लोखंडासारखं कोसळतं. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणारे डेरेक मेडिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र असं वापरलं की यान उड्डाण घेताना आजही माझा श्वास अडकतो. पाण्यापुढे मात्र इलाज नव्हता. थेंबाचा आकार काही लहान करता येत नाही, त्यामुळे समुद्राचं दृश्य आलं की गुपित फुटतं.

कॉम्प्युटरमध्ये याच्या उलट असतं. तिथे कशालाच आपोआप वजन नसतं. गुरुत्वाकर्षण, धूळ, ओरखडा, रुळाच्या सांध्यावर बसणारा बारीकसा धक्का, हे सगळं कोणीतरी आठवणीनं घालावं लागतं. सेटवर हे फुकट मिळायचं. नको असलं तरी मिळायचं. कॉम्प्युटरवर हात आखडता घेतला की पहिल्यांदा याच गोष्टी गळतात, आणि मग आपण म्हणतो, “काहीतरी खोटं वाटतंय.”

आता ऐका. २००५ साली ‘कॅप्टन स्कार्लेट’ पूर्णपणे कॉम्प्युटरवर नव्यानं आली. कोणी केली? खुद्द गेरी अँडरसननी. ज्या दोऱ्यांसाठी आपण हळहळतो, त्या दोऱ्यांचा जाच ज्यांनी आयुष्यभर सोसला, त्यांना त्या सुटलेल्या हव्या होत्या! हे कळलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसले. आपल्याला जी गंमत वाटते, ती करणाऱ्याला रोजची डोकेदुखी होती.

आणि २०१५ चा ‘थंडरबर्ड्स आर गो’ पाहा. पात्रं कॉम्प्युटरवरची, पण बेट, तळ, डोंगर हे न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपनं खरोखर बांधलेले छोटे सेट. पार्कर या शोफरला आवाज दिला डेव्हिड ग्रॅहम यांनी, त्याच माणसानं, ज्यांनी तो १९६५ मध्येही दिला होता. जुन्याचं काय जपायचं हे ज्यांना कळतं, त्यांच्या हातात कॉम्प्युटर शोभतो.

‘क्लँगर्स’बद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर मी थांबणार नाही. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन, १९६९. लोकरीनं विणलेले गुलाबी प्राणी, शिट्टीच्या भाषेत बोलणारे. त्यांचे संवाद आधी नीट शब्दांत लिहायचे आणि मग शिट्टीवर वाजवायचे. २०१५ मध्ये ही मालिका परत आली तेव्हा कॉम्प्युटरवर आणणं सहज शक्य होतं. ती आणली स्टॉप मोशनमध्येच, विणलेल्या बाहुल्या एकेका फ्रेमसाठी केसभर सरकवत. म्हणजे नव्या काळात जुनी रीत चालत नाही, असं काही नाही.

(कॅमेऱ्याच्या जवळ येते.)

इथवर मी तंत्राबद्दल बोलले. पण मला स्वतःच्या आठवणीचीही झडती घ्यायची आहे, कारण तिच्यावर माझा पुरता विश्वास नाही.

नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बासल विद्यापीठातल्या प्रबंधात घडवला. ग्रीकमधला एक शब्द म्हणजे घरी परतणं आणि दुसरा म्हणजे वेदना. परदेशी गेलेले स्विस लोक घराच्या ओढीनं झुरून आजारी पडत, त्या आजाराचं हे नाव. मराठीत आपण म्हणतो स्मरणरंजन. त्यांच्या शब्दात वेदना आहे आणि आपल्या शब्दात रंजन! मला दोन्ही हवेत, कारण ‘हायडी’ पाहताना दोन्ही होतं.

१९७४ सालची जपानी ‘हायडी’, आल्प्सच्या डोंगरांत राहणाऱ्या एका लहान मुलीची अ‍ॅनिमेशन मालिका. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, दृश्यांच्या मांडणीचं काम हायाओ मियाझाकींचं, ५२ भाग. डोंगर नीट काढता यावेत म्हणून ही मंडळी आधी स्वित्झर्लंडला जाऊन सगळं पाहून आली होती. त्यात फ्रँकफर्टला नेलेली हायडी डोंगरांच्या आठवणीनं इतकी झुरते की रात्री झोपेत चालायला लागते. घरातल्यांना वाटतं भूत आहे. डॉक्टर ओळखतात आणि औषध सांगतात, हिला घरी पाठवा. होफरचा आजार तो हाच, एका लहान मुलीला झालेला. २०१५ साली स्टुडिओ १०० नं हायडी कॉम्प्युटरवर आणली. डोंगर सुंदर आहेत, अगदी मनापासून सांगते. पण १९७४ च्या हायडीत चुलीसमोर धरलेलं चीज वितळेपर्यंत कॅमेरा थांबतो, आणि मीही थांबते.

तरी एक कबूल करते. जुन्या टीव्ही अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला साधारण आठच वेगळी चित्रं असायची, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. तेच धावणं, तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा. आठवणीत मात्र सगळं अखंड वाहतं. १९८९ सालच्या जपानी ‘जंगल बुक’चं तर मी स्वतः पडताळून पाहिलं. ती आपल्याला दूरदर्शनवर हिंदीत भेटली होती. मी तिचे काही भाग दुसऱ्या भाषेत पाहिले आणि शेरखानची मला जराही भीती वाटली नाही. चित्रं तीच होती, पण नाना पाटेकरांचा आवाज नव्हता. पुढे हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटनं २०१० मध्ये कॉम्प्युटरवरचं ‘जंगल बुक’ केलं, त्याला मी वर्षानुवर्षं नावं ठेवत होते. आता कळतं, त्यातला निम्मा राग एका आवाजाच्या विरहाचा होता. त्या अ‍ॅनिमेटर मंडळींवर मी अन्याय केला.

माझ्या भाचीलाही उद्या असंच होईल. हलत्या तोंडाचा थॉमस तिच्या लहानपणाचा आहे आणि वीस वर्षांनी ती त्याच्यासाठीच हळवी होईल. तो हक्क मी तिच्याकडून काढून घेणार नाही. आम्ही आता दोन्ही पाहतो, एक दिवस तिचा, एक दिवस माझा.

परवा माझ्या दिवशी मी तिला सांगितलं की थॉमसचे डोळे कोणीतरी माणूस रिमोटवर फिरवतो. ती ताडकन उठली, स्क्रीनच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, “कुठे लपलाय तो?” मग तिनं तोच भाग तीन वेळा लावायला लावला. बोगद्याच्या मागे पाहिलं, पुलाखाली पाहिलं, झाडांत पाहिलं. तिसऱ्यांदा एका वळणावर मला थांबवायला सांगून तिनं झुडपाकडे बोट दाखवलं. तिथे सावली होती, हाताएवढी.

“हा बघ,” ती म्हणाली.

(इंजिन चाकांवर ठेवून हळूच चौकटीबाहेर ढकलते.)