दोन सेकंदांत उत्तर न देणारं कार्ड

(नागपुरात मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर आहे, बाहेर अजून झळा मारताहेत आणि तरी सभागृह भरलंय. म्हणजे शहरात बऱ्याच घरी कॉम्प्युटर हँग होऊन राहिले असावेत.

तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. ‘भाऊ, चांगला चालून राहिला होता, एकदम स्क्रीन थिजली. माउस हलत नाही, आवाज अडकून गुर्रर्र करते, शेवटी बटन दाबून बंद करावा लागते.’ मग कुणीतरी सांगतं, ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर खराब आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम. ड्रायव्हर बदलून भागलं नाही की पुढचा सल्ला तयारच असतो: कार्ड गेलं, नवीन घ्या. माझं म्हणणं एवढंच की कार्डावर पैसे घालायच्या आधी एक संध्याकाळ तपासात घाला. कारण विंडोज ज्याचं नाव घेतं, तो गुन्हेगार असेलच असं नाही.

हे नाव येतं कुठून? विंडोज ड्रायव्हरमार्फत कार्डाला काम देतं आणि उत्तराची वाट बघतं. किती वेळ? दोन सेकंद. तेवढ्यात कार्डाने काम पुरं केलं नाही आणि ते सोडूनही दिलं नाही, तर विंडोज ते अडकलं असं धरतं आणि ड्रायव्हरसकट कार्ड नव्याने सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते, आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे’ अशा अर्थाची नोंद होते. या सोयीला टीडीआर, म्हणजे ‘टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी’, म्हणतात. ती विंडोजच्या व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून आहे. सावरणं जमलं नाही तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं लिहिलेलं असतं.

आता बघा, या नोंदीतून कळतं ते इतकंच की उत्तर वेळेत आलं नाही. का आलं नाही, ते तिथे लिहिलेलं नसतं. ड्रायव्हरमध्ये चूक असेल, कार्ड तापलं असेल, वीज अपुरी पडली असेल, रॅम सडकी असेल. नाव मात्र दर वेळी ड्रायव्हरचंच.

ड्रायव्हर निर्दोष असतात असं मात्र नाही हं. 2007 साली व्हिस्टाच्या ज्या क्रॅशची मायक्रोसॉफ्टकडे नोंद झाली, त्यांतले जवळपास 29 टक्के एन्व्हिडिया या ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, तेव्हा हा आकडा बाहेर आला. मार्च 2010 मध्ये एन्व्हिडियाला 196.75 हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्याने कार्डाच्या पंख्याचं नियंत्रण बिघडत होतं. नोव्हेंबर 2015 मध्ये एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या नव्या क्रिमसन ड्रायव्हरनेही काही कार्डांचे पंखे कमी वेगावर अडकवले. म्हणजे कार्ड उष्णतेने अडकायचं आणि त्या उष्णतेला कारण ड्रायव्हर. ड्रायव्हर की हार्डवेअर असे दोन कप्पे करून मोकळं होता येत नाही ते यामुळे.

तपासाची सुरुवात कीबोर्डपासून करा. स्क्रीन थिजली की कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर आत विंडोज बहुतेक जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. अशा वेळी विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, एक बीप येते, आणि नशीब असेल तर तुमचं टायपिंग जिथल्या तिथे परत दिसतं. कॅप्स लॉकचा दिवाही मेला असेल तर मामला खोल आहे. तिथे मी आधी वीज आणि रॅमकडे बघतो.

दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, म्हणजे विंडोजची नोंदवही. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’. मशीन अडकलं त्या मिनिटाच्या नोंदी वाचा. 4101 क्रमांकाची ‘डिस्प्ले’ची नोंद म्हणजे वर सांगितलेला टीडीआर. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ हे विचित्र अक्षरांचं नाव दिसलं तर घाबरू नका, ती एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरची फाइल. ‘कर्नल-पॉवर 41’ मात्र लोकांना फसवते. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच तिचा अर्थ. तुम्ही स्वतः बटन दाबून बंद केलं तरी ती येते, म्हणून तेवढ्यावरून एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलायला बर्डीच्या बाजारात धावू नका.

आता आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याकडे येतो. कार्डाचा ताप खोलीच्या तापमानावर चढतो. डिसेंबरात 20 अंशांच्या खोलीत जे कार्ड 65 वर चालायचं, तेच, पंख्याचा वेग तोच राहिला तर, मेमध्ये 38 अंशांच्या खोलीत त्याच कामाला 83 वर जाईल. एन्व्हिडियाची बरीच कार्डं याच सुमाराला आपला वेग आपणच कमी करतात. तेवढ्याने मशीन थिजू नये. पण कार्डावरचे वीजपुरवठ्याचे भाग आणि मेमरी त्याहून जास्त तापलेली असू शकते. कार्डाच्या तापाचा मुख्य आकडा बघायला वेगळं काही लागत नाही, विंडोज 10च्या 2020 सालच्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये दिसतो.

आणि कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका, बाप्पा! हवा गार असते, पण दमट असते. धूळ हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये अशी लिंपून बसते की ब्लोअरने उडतच नाही, ब्रशने खरवडावी लागते. साफ करताना प्लग काढा आणि पंखा बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने तो भरधाव फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

विजेचं गणित सोपं आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला 75 वॅट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी 75, आठ पिनांच्या वायरीतून 150. स्वस्त एसएमपीएसवर 450 वॅट लिहिलेलं असतं. त्यातले 12 व्होल्टवर खरोखर किती, ते त्याच्या बाजूच्या तक्त्यात वाचा. गेम सुरू झाला की अडकतं आणि नुसत्या वर्डमध्ये कधीच नाही, तर संशय उष्णता आणि वीज या दोघांवर. उलट, गेम तासभर चालतो पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की थिजतं, तर मी ड्रायव्हरला पकडतो. ब्राउझरच्या सेटिंगमधलं ‘हार्डवेअर ॲक्सलरेशन’, म्हणजे व्हिडिओचं काम कार्डाकडे देणारी सोय, बंद करून दोन-चार दिवस बघा.

ड्रायव्हरवरच आलात तर नव्याच्या मागे धावण्याआधी जुन्यावर परत जा, विशेषतः त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. ते बटन फिकट दिसत असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर सुरू करून, डीडीयू नावाच्या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा. त्याआधी इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. नाहीतर तुम्ही पुसता-पुसता विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा ड्रायव्हर गुपचूप बसवून टाकतं. आपल्याकडे घरोघरी एन्व्हिडियाचं जीटी 710 हे कार्ड दिसतं. त्याच्यासाठी एन्व्हिडियाची 470 ही शेवटची मालिका, त्यापुढचे ड्रायव्हर त्याच्यासाठी नाहीतच. ड्रायव्हर बदलल्यावर ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, रॅम आणि वायर एकाच रविवारी बदललेत, तर बरं कशाने झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.

मागून प्रश्न आलाय: ‘ते दोन सेकंद वाढवता येतात म्हणे?’ येतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, ‘टीडीआर डिले’ लिहून दहा सेकंद करता येतात. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरसारख्या कामात कार्डाला खरोखरच जास्त वेळ लागतो, तिथे ते ठीक. घरच्या बिघडलेल्या मशीनवर त्याने एवढंच होईल की दोन सेकंद थिजायचं ते दहा सेकंद थिजेल.

अजून एक विचारताहेत, कार्डच गेलंय हे पक्कं कसं कळेल. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडा आणि चालवा. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर ही सोय नाही. पण कार्ड काढलं की विजेचा भारही उतरतो, म्हणजे त्रास थांबला तरी दोष एसएमपीएसचा असू शकतो, हे विसरू नका. म्हणून तेच कार्ड शेजारच्या चांगल्या एसएमपीएसच्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही अडकलं, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदींचा फोटो घेऊन दुकानात जा आणि आधी बिलावरची वॉरंटीची तारीख दाखवा.