कोल्ह्याची गोड जीभ आणि दोनदा फसलेलं हरीण

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय खोट्या स्तुतीबद्दल. मस्का लावणं म्हणा, खुशामत म्हणा, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणा, सगळं एकच. आणि हे बोलायचंय ग्रीक लोकांच्या प्राण्यांच्या गोष्टींमधून, म्हणजे ज्यांना आपण इसापनीती म्हणतो त्यातून, कारण समोरच्याला गोड बोलून कसं गुंडाळतात हे या गोष्टी इतकं बारकाईने दाखवतात की मी त्या इतक्या वर्षांत किती वेळा वाचल्या तरी दर वेळी थांबून पुन्हा मागे जाऊन वाचते.

कावळ्याची गोष्ट तुम्हाला पाठच आहे, ती सांगत बसत नाही. चोचीत तुकडा, खाली कोल्हा, कावळा गायला लागतो, तुकडा खाली पडतो. पण त्यातला कोल्हा नक्की काय बोलतो ते जरा नीट ऐका. जुन्या ग्रीक गोष्टीत कावळ्याच्या चोचीत मांसाचा तुकडा आहे, चीज आहे ते फीड्रस आणि बाब्रिअस या दोन कवींच्या पद्यातल्या गोष्टीत. तर कोल्हा म्हणतो, केवढा मोठा तू, किती देखणा, पक्ष्यांचं राज्य खरं तर तुलाच शोभेल, आणि मिळालंही असतं, फक्त तुला आवाज असता तर. बघा, गा असं तो म्हणतच नाही! आधी खरं बोलतो, कावळा मोठा असतोच, चकचकीत काळा असतोच. मग हळूच एक कमी दाखवतो. आणि ती कमी भरून काढायला कावळा स्वतःच चोच उघडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: कोल्हा आधी खरं बोलतो.

आता या गोष्टी ज्याच्या नावावर आहेत तो इसाप. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की इसाप सामोस बेटावरच्या इआडमोन नावाच्या माणसाचा गुलाम होता आणि डेल्फी या ग्रीक गावातल्या लोकांनी त्याचा जीव घेतला. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं सहावं शतक. फीड्रससुद्धा आधी गुलाम होता, रोमच्या ऑगस्टस बादशहाने त्याला मोकळं केलं, आणि तो स्पष्ट सांगतो की अशा गोष्टी गुलामांनीच काढल्या कारण त्यांना मनातलं उघड बोलायची सोय नव्हती. मला हे मनापासून पटतं. ज्याला मालकाचा मूड ओळखूनच दिवस काढावा लागतो त्याला खुशामत आतून बाहेरून कळते, कोण कशाने फुगतो, कोण कशाने चिडतो, सगळं.

आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे, विषय थोडा बाजूला जाईल पण जाऊ दे. या गोष्टी लहान मुलांसाठी नव्हत्या हो! ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने भाषणकलेवर जे पुस्तक लिहिलं त्यात तो म्हणतो की लोकांसमोर भाषण करताना अशा गोष्टी फार उपयोगी पडतात, आणि उदाहरण देतो ते इसापचंच, की सामोसमध्ये एका पुढाऱ्यावर खटला चालला होता, जिवावरचा खटला, आणि इसापने तिथे कोल्हा आणि गोचिडांची गोष्ट सांगितली. कोल्हा कपारीत अडकलाय, अंगावर गोचिड्या, हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी म्हणतो काढू का, कोल्हा म्हणतो नको, यांची पोटं भरलीयत, या काढल्यास तर नव्या भुकेल्या येतील आणि उरलंसुरलं रक्त पितील. म्हणजे भर कोर्टात, मोठ्या माणसांना सांगितलेली गोष्ट. आपण त्यांना रंगीत चित्रांच्या पुस्तकात घातलं आणि खाली ठळक अक्षरात तात्पर्य छापलं. ते तात्पर्य मला कधीच आवडलेलं नाही. मुलाला गोष्ट सांगायची, दिवा मालवायचा आणि झोपू द्यायचं, त्याचं ते डोक्यात फिरवत बसेल. शाळेत तात्पर्य लिहा, २ मार्क, हे ज्याने सुरू केलं त्याने गोष्टीचं फार नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे.

बरं, आता ज्या गोष्टीसाठी मी आज आलेय ती. इसापच्या बहुतेक गोष्टी चारपाच ओळींच्या असतात, ही मात्र चांगली लांबलचक आहे, आणि आपल्याकडच्या पुस्तकांत ती फारशी दिसत नाही. आजारी सिंह, कोल्हा आणि हरीण. सावकाश सांगते.

सिंह आजारी पडलाय. गुहेत पडून आहे, उठवत नाही, शिकार होत नाही. कोल्हा त्याचा सोबती. सिंह त्याला म्हणतो, मी जगावं असं वाटत असेल तर एक काम कर, जंगलात ते मोठं हरीण आहे ना, त्याला तुझ्या गोड बोलण्याने भुलवून माझ्या पंजात आणून दे, मला त्याचं काळीज खायची इच्छा झालीय. काळीज, हे विसरू नका.

कोल्हा निघाला. हरीण रानात उड्या मारत होतं, मजेत. कोल्ह्याने लाडीगोडी करत नमस्कार केला आणि म्हणाला, मी आनंदाची बातमी घेऊन आलोय. आपले महाराज, सिंह, माझे शेजारी, तुम्हाला माहीतच आहे, ते फार आजारी आहेत, आता काही जगत नाहीत. आपल्यानंतर राज्य कोणाला द्यायचं याचा ते विचार करत होते. म्हणाले, रानडुक्कर, त्याला अक्कल नाही. अस्वल, ते आळशी. बिबट्या, तो तापट. वाघ, तो बढाईखोर. राज्याला लायक एकच, हरीण. का? तर उंची आहे, आयुष्य मोठं आहे, आणि शिंगं अशी की सापसुद्धा घाबरतात. आता जास्त काय सांगू, ठरलंय तुमचं नाव! मग, ही बातमी सगळ्यात आधी मी आणली, मला काय देणार बोला, लवकर बोला, मला जायला हवं, महाराजांचं माझ्याशिवाय पान हलत नाही. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ऐकाल तर तुम्हीसुद्धा चला, शेवटच्या क्षणी त्यांच्या जवळ असलेलं बरं.

इथे जरा थांबू या. हरीण उंच आहे का? आहे. शिंगं आहेत का? आहेत. दुसरे जनावर कसे आहेत याबद्दल हरणाचं आधीच काय मत असणार? हेच असणार! म्हणजे कोल्ह्याने त्याला नवीन काही सांगितलंच नाही, त्याच्या मनात जे होतं तेच सिंहाच्या नावावर परत सांगितलं. कोल्हा आधी खरं बोलतो. आणि बक्षीस मागतो तेही किती हुशारीने, कारण बक्षीस मागणारा माणूस खरा वाटतो, फुकटात चांगली बातमी देणाऱ्याचाच संशय येतो.

हरणाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं ते निघालं कोल्ह्याच्या मागे. गुहेत शिरलं. सिंहाने झडप घातली, पण भुकेने उतावीळ झालेला, नेम चुकला, पंजा फक्त कानांवर बसला, कान फाटले आणि हरीण जे सुटलं ते थेट रानात. कोल्ह्याने हात आपटले, एवढी मेहनत वाया. सिंह कण्हतोय, गुरगुरतोय, एकीकडे भूक आणि एकीकडे दुःख, आणि कोल्ह्याच्या विनवण्या करतोय की अजून एकदा जा, काहीतरी युक्ती करून पुन्हा आण.

कोल्हा म्हणाला, काम फार अवघड सांगताय, पण करतो.

आणि तो निघाला, शिकारी कुत्र्यासारखा माग काढत. वाटेत मेंढपाळ भेटले, त्यांना विचारतो, रक्ताळलेलं हरीण दिसलं का हो इकडे? त्यांनी रानाकडे बोट दाखवलं. हरीण दम खात, अंग गार करत उभं होतं. कोल्हा जाऊन बिनदिक्कत समोर उभा राहिला. लाज म्हणून नाही! हरणाच्या अंगावरचे केस रागाने ताठ झाले. म्हणालं, नीच कुठला, आता मी तुझ्या हाती लागायचं नाही, जवळ आलास तर जिवंत सोडणार नाही. जा, जे तुला ओळखत नाहीत त्यांना राजे कर.

आता मला सांगा, कान फाटलेत, रक्त येतंय, हरणाला सगळं कळलंय, तोंडाने बोलूनही दाखवलंय. या हरणाला परत कसं नेणार? उंची, शिंगं, हे सगळं संपलं, ते नाणं दुसऱ्यांदा चालणार नाही. मग कोल्ह्याने काय केलं? त्याने स्तुती केलीच नाही. तो ओरडला!

म्हणाला, इतके भित्रे आहात तुम्ही? आम्हा मित्रांवर संशय घेता? महाराज मरणाच्या दारात आहेत, एवढं मोठं राज्य सोपवायचं, त्याबद्दल कानात चार गोष्टी सांगायला त्यांनी तुमचा कान धरला, आणि तुम्हाला एका आजारी हाताचा ओरखडासुद्धा सोसवला नाही? आता तुमच्यापेक्षा तेच जास्त रागावलेत, आणि लांडग्याला राजा करतो म्हणतायत. काय वाईट मालक आपल्या नशिबी यायचाय! चला, घाबरू नका. या रानातल्या सगळ्या पानांची आणि झऱ्यांची शपथ घेऊन सांगतो, तुम्हाला काही होणार नाही, आणि मी तर फक्त तुमचीच चाकरी करणार.

पानांची आणि झऱ्यांची शपथ. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं होतं. रानात राहणाऱ्या हरणाला घालायची शपथ याहून कोणती असेल, सांगा! पहिल्या वेळी राज्य देऊ केलं, दुसऱ्या वेळी राज्य हातातून जातंय असं दाखवलं. पहिल्या वेळी मोठं म्हटलं, दुसऱ्या वेळी भित्रं म्हटलं. आणि माझ्या मते दुसरी युक्ती पहिलीपेक्षा कितीतरी जास्त भयंकर आहे, कारण एकदा फसलेल्याला आपण फसलोच नव्हतो असं कोणीतरी सांगायला हवंच असतं. हरणाला राज्य तर हवं होतंच, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे की आपण मूर्ख ठरलो नाही. कोल्ह्याने ते दिलं त्याला, जखम म्हणजे सल्ला होता असं सांगून.

हरीण गेलं. पुन्हा. सिंहाने या वेळी चूक केली नाही, हाडं, मगज, आतडी, सगळं फस्त केलं. कोल्हा बाजूला उभा राहून बघत होता, खाताना काळीज खाली पडलं, ते त्याने हळूच उचललं आणि खाल्लं, आपली मजुरी म्हणून. सिंह शोधतोय, सगळं आहे, काळीज कुठेय? कोल्हा लांब उभा राहून म्हणाला, महाराज, शोधू नका, त्याला काळीज नव्हतंच. जे सिंहाच्या घरात, सिंहाच्या पंजात दोनदा आपल्या पायांनी चालत आलं त्याला काळीज कसलं असणार?

ग्रीकांमध्ये ॲरिस्टॉटलसारखे लोक विचार करायची जागा हृदयातच आहे असं मानायचे, त्यामुळे काळीज नव्हतं म्हणजे अक्कल नव्हती हे तिथल्या ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. आणि बघा, या वेळी फसला कोण? सिंह! राजाच्या तोंडावर खोटं बोलून कोल्हा मोकळा.

पंचतंत्र वाचलेल्यांना आत्तापर्यंत आठवलं असेल, त्याच्या लब्धप्रणाश नावाच्या भागात हीच गोष्ट आहे, हरणाच्या जागी लंबकर्ण गाढव, त्याला लालूच हिरव्या गवताची आणि गाढवीणींची, आणि शेवटी कोल्हा कान आणि काळीज दोन्ही खातो. दोन्ही आवडतात मला, पण गाढवाला गवताने नेलं आणि हरणाला नुसत्या शब्दांनी नेलं, म्हणून मन ग्रीक गोष्टीकडे जास्त ओढलं जातं.

माणसांमधला असा कोल्हा बघायचा असेल तर ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने तो लिहून ठेवलाय. त्याचा खुशामतखोर बरोबर चालताना म्हणतो, बघा लोक कसे तुमच्याकडे बघतायत. अंगरख्यावरची काडी काढतो. वाऱ्याने दाढीत भुसा अडकला तर तो काढत हसून म्हणतो, दोन दिवस भेट नाही झाली तर दाढी पिकली बघा, तसे या वयात तुमच्याइतके काळे केस कोणाचे नाहीत म्हणा. फुसका विनोद केला तरी हसू आवरत नाही असं दाखवायला अंगरख्याचा बोळा तोंडात कोंबतो. आणि मुलांसाठी सफरचंदं आणि नासपती आणतो, ती बाप बघत असतानाच देतो. बाप बघत असतानाच, हं!

वेळ होत आलीय, पण एक छोटी गोष्ट राहिली ती सांगितल्याशिवाय उठणार नाही. कुत्रा आणि कोंबडा मित्र, प्रवासात रात्र झाली, कोंबडा झाडावर झोपला, कुत्रा बुंध्याच्या ढोलीत. पहाटे कोंबडा आरवला, कोल्हा धावत आला, म्हणे काय आवाज, खाली ये, अशा गायकाला मिठी मारायची इच्छा आहे. कोंबड्याने आवाजाबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, आधी बुंध्याशी दारवान झोपलाय त्याला उठव, तो दार उघडेल, मग येतो खाली. कोल्ह्याने हाक मारली, आणि कुत्रा बाहेर आला.

पुढच्या आठवड्यात गरुड आणि शेणकिडा, इसापने डेल्फीच्या लोकांना सांगितलेली गोष्ट, जिचा उल्लेख ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात येतो. नमस्कार.